एक, दोन, तीन, पाच : प्रस्तार, विगमन आणि उपपत्ती

छंदःशास्त्रावरील जुन्या ग्रंथांचा अखेरचा भाग बहुतेक वाचक न वाचताच मिटतात. पिंगलाच्या 'छंदःसूत्रा'चा आठवा अध्याय, विरहांकाच्या 'वृत्तजातिसमुच्चया'चा सहावा, केदारभट्टाच्या 'वृत्तरत्नाकरा'चा सहावा, हेमचंद्राच्या 'छंदोनुशासना'चा आठवा : या ठिकाणी येईतो वृत्तांची लक्षणे संपलेली असतात, उदाहरणे संपलेली असतात आणि प्रस्तार, नष्ट, उद्दिष्ट, लगक्रिया, संख्या, अध्वयोग या सहा 'प्रत्ययां'चे गणित सुरू होते. साहित्याच्या अभ्यासकाला हा भाग गणिताचा वाटतो. गणिताच्या इतिहासकारांना तो दीर्घकाळ साहित्याचा वाटत आला. दोघांच्या मधल्या या जागेत एक प्रश्न पडून राहिला आहे आणि तो समीक्षेच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. थोडी उदाहरणे पाहून सर्वांविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला कशाने मिळतो, हा तो प्रश्न.

या प्रश्नाभोवती दोन सोयीस्कर मते रूढ आहेत. एक असे की, भारतीय गणित हे केवळ निरीक्षणाचे आणि नियमांचे गणित होते. संख्यांतील क्रम नजरेत भरला की सूत्र रचायचे, ते का खरे आहे हे विचारायचे नाही. म्हणजे सारे विगमन, निगमन नाही. दुसरे मत पहिल्याच्या उलट्या बाजूचे आहे. ज्या संख्यामालिकेला पाश्चात्त्य जग फिबोनाचीचे नाव देते ती त्याच्या १२०२ च्या ग्रंथाआधी कित्येक शतके आपल्याकडे होती, एवढे सांगून हे मत तृप्त होते. दुसऱ्या मतातील तथ्य निर्विवाद आहे. १९८५ मध्ये परमानंद सिंग यांनी गणितेतिहासाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात त्याची साधार मांडणी केल्यावर त्याविषयी शंकेला जागा उरलेली नाही. पण अग्रक्रमाचा हक्क सिद्ध करण्यात गुंतल्यामुळे या मताचे पुरस्कर्ते पहिल्या मताला उत्तर देत नाहीत. छंदःशास्त्रकारांना ती मालिका ठाऊक होती हे खरे. ती त्यांना कशी ठाऊक होती, हे पाहणे अधिक अगत्याचे आहे.

प्रत्यक्ष प्रश्नच घेऊ. लघू अक्षराची मात्रा एक, गुरूच्या दोन. रूढ खुणांप्रमाणे लघूला 'ल' आणि गुरूला 'गा' म्हणू. ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे भरता येईल? एका मात्रेचा प्रकार एकच : ल. दोन मात्रांचे दोन : गा, लल. तीन मात्रांचे तीन : गाल, लगा, ललल. चार मात्रांचे पाच : गागा, गालल, लगाल, ललगा, लललल. येथपर्यंत हाताशी आलेल्या संख्या एक, दोन, तीन, पाच अशा आहेत. आता केवळ क्रमावर नजर ठेवणाऱ्या हुशार विद्यार्थ्याला पाच मात्रांचे प्रकार किती असे विचारले, तर तो काय म्हणेल? दोन, तीन, पाच या मूळसंख्या आहेत, पुढची सात. आरंभीच्या एकाला अपवाद मानून तो निश्चिंत मनाने सात सांगेल. आणि प्रस्तार मांडू लागताच गागाल, गालगा, लगागा, गाललल, लगालल, ललगाल, लललगा, ललललल असे आठ प्रकार निघतील. चार उदाहरणांनी दिलेली साक्ष पाचव्या ठिकाणी उलटते.

विरहांक या जाळ्यात सापडला नाही. तो सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यानचा. त्याचा ग्रंथ प्राकृतात आहे. मात्रावृत्तांच्या संख्येसाठी त्याने दिलेला नियम, मागच्या दोन संख्यांची बेरीज करावी असा आहे. यावर बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील टीकाकार गोपाल जे स्पष्टीकरण देतो ते आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने निर्णायक आहे. तीन मात्रांचे विकल्प कसे मिळतात, तर एका आणि दोन मात्रांचे विकल्प एकत्र केल्याने. चारांचे, दोन आणि तीन मात्रांचे विकल्प एकत्र केल्याने. आणि पुढेही असेच. येथे 'विकल्प' या शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्याच्या बोलण्यात केवळ आकडे नाहीत. तो प्रत्यक्ष रूपांविषयी बोलत आहे. एकत्र होतात ती रूपे. बेरीज हा त्याचा परिणाम. चार मात्रांच्या पाच रूपांकडे पुन्हा पाहावे. ज्यांचा शेवट लघू आहे ती तीन : गालल, लगाल, लललल. त्यांतील शेवटचा ल काढून घेतला की तीन मात्रांचा संपूर्ण प्रस्तार उरतो. ज्यांचा शेवट गुरू आहे ती दोन : गागा, ललगा. शेवटचा गा काढला की दोन मात्रांचा प्रस्तार उरतो. ओळ कितीही लांब असो, तिचा शेवट या दोहोंपैकी एका अक्षराने होणारच. तिसरी शक्यता नाही. म्हणून पाच मात्रांचे पाच अधिक तीन म्हणजे आठ, सहांचे तेरा, सातांचे एकवीस, आठांचे चौतीस. पाच मात्रांचा प्रस्तार न मांडताच 'आठ' म्हणण्याचा अधिकार छंदःशास्त्रकाराला येथून मिळतो. आधीच्या चार आकड्यांत 'आठ' दडलेले होते असे नाही. ते ओळीच्या घडणीत होते.

अर्थात गोपालाने हे युक्लिडाच्या शैलीत सिद्ध केले आहे असे मला म्हणावयाचे नाही. त्याचे टीकाकाराचे गद्य आहे, तुटक आहे, आणि शिष्य समोर बसलेला आहे असे गृहीत धरून लिहिलेले आहे. पण कारण सांगणे आणि क्रम दाखवणे यांतील फरक त्याने राखला आहे, आणि वादाचा मुद्दा तोच आहे.

हा फरक आपल्या परंपरेत कोणी स्पष्ट शब्दांत सांगितला आहे काय? त्याचे उत्तर छंदःशास्त्राबाहेर, बीजगणिताच्या एका टीकाग्रंथात मिळते. विदर्भात पयोष्णीकाठी असलेल्या दधिग्रामाहून काशीला गेलेल्या ज्योतिषी घराण्यातील कृष्ण दैवज्ञाने इसवी सन १६०० च्या सुमारास भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'वर 'बीजपल्लव' नावाची टीका लिहिली. दोन राशींच्या वर्गांच्या बेरजेत त्यांच्या गुणाकाराची दुप्पट मिळवली असता बेरजेचा वर्ग मिळतो, या साध्या नियमाची उपपत्ती देण्यापूर्वी तो एक आक्षेप विचारात घेतो. नियम काही उदाहरणांत खरा ठरलेला दिसतो, मग उपपत्ती कशाला? त्याचे उत्तर असे की, काही ठिकाणी तसे दिसणे हे काहीच सिद्ध करीत नाही. नाहीतर दोन राशींच्या गुणाकाराची चौपट म्हणजे त्यांच्या बेरजेचा वर्ग, हा नियमही खरा मानावा लागेल. कारण २ आणि २ घेतले तर तो खरा ठरतो : गुणाकार ४, त्याची चौपट १६, बेरीज ४, तिचा वर्ग १६. ३ आणि ३ घेतले तर दोन्हीकडे ३६. पण २ आणि ३ घ्या. एकीकडे २४ येतात, दुसरीकडे २५.

या युक्तिवादातील नेमकेपणा विलक्षण आहे. तो न्यायशास्त्राच्या भाषेत मांडला तर अधिक उघड होतो. धूर आणि अग्नी यांचे साहचर्य पुनःपुन्हा पाहिल्याने, म्हणजे भूयोदर्शनाने, व्याप्ती निश्चित होते का, यावर नैयायिकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाद घातला. जेथे जेथे अग्नी तेथे तेथे धूर असे म्हणता येत नाही, कारण मध्ये 'ओले इंधन' ही उपाधी असते. साहचर्य अग्नीचे नसून ओल्या इंधनाच्या अग्नीचे असते. कृष्ण दैवज्ञाच्या खोट्या नियमात दोन्ही राशी समान असणे ही अशीच लपलेली उपाधी आहे. २-२, ३-३, ४-४ अशी शंभर उदाहरणे दिली तरी उपाधी जागची हलत नाही. उलट उदाहरणे वाढतात तसा भ्रम अधिक घट्ट होतो. येथे दोष उदाहरणांच्या संख्येत नाही, त्यांच्या निवडीत आहे.

विगमनाची ही शंका गणितज्ञांच्या आनंदाच्या आड यावी असे मात्र नाही. देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी आयुष्यभर संख्यांशी खेळत त्यांच्यातील क्रम टिपले. चार अंकी संख्या घ्यावी, तिचे सर्व अंक एकच नसावेत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर तेच करीत जावे. अधिकात अधिक सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच राहते. तीन अंकांत असेच ४९५ येते. तर मग पाच अंकांतही अशी एक संख्या असणार, असे मन सहज म्हणते. ती नाही. ५३९५५ वर ही क्रिया केली की ५९९९४ येते, आणि ५९९९४ वर केली की पुन्हा ५३९५५. कापरेकरांचा शोध यामुळे उणा होत नाही. चार अंकी संख्या मोजक्याच असल्याने त्याची खात्री सगळ्या तपासूनही करता येते. पण तीन अंकांवरून आणि चार अंकांवरून पाच अंकांकडे जाण्याचा रस्ता तेथे नव्हता. विरहांकाच्या नियमात तसा रस्ता आहे.

तो आहे हे आणखी एका बाजूने पारखून घेता येते, आणि माझ्या मते हाच या प्रकरणातील सर्वांत बळकट पुरावा आहे. नियमामागचे कारण ज्याला कळले आहे त्याची परीक्षा परिस्थिती बदलल्यावर होते. केवळ क्रम पाठ असलेला माणूस नव्या ठिकाणीही जुनाच क्रम चालवील. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघण (राज्यकाल १२१०–१२४७) याच्या आश्रयाने, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्याचे घराणे मूळचे काश्मीरचे; तो स्वतः दरबारात हिशेबखात्याचा प्रमुख होता, आणि हा योगायोग मला नेहमीच बोलका वाटला आहे. त्याच्या तालाध्यायात तालांचा प्रस्तार आहे. छंदात दोनच अंगे, लघू आणि गुरू. तालात चार : द्रुत, लघू, गुरू, प्लुत. द्रुत हे एकक धरले तर त्यांची मापे अनुक्रमे एक, दोन, चार आणि सहा. आता एका द्रुताइतक्या कालाचे रूप एक, दोन द्रुतांचे दोन, तीन द्रुतांचे तीन. येथवर सारे विरहांकासारखेच. छंदातल्या नियमाची सवय लागलेला माणूस चार द्रुतांसाठी तीन अधिक दोन म्हणजे पाच म्हणेल. शार्ङ्गदेवाची संख्या सहा आहे. कारण चार द्रुतांचा काल एकट्या गुरूनेही भरतो, आणि शेवटचे अंग द्रुत किंवा लघू असलेल्या पाच रूपांत हे सहावे रूप येत नाही. त्यामुळे त्याच्या नियमात मागच्या पहिल्या आणि दुसऱ्या संख्येबरोबर चौथी आणि सहावीही मिळवायची असते, आणि मालिका एक, दोन, तीन, सहा, दहा, एकोणीस, तेहेतीस अशी वेगळीच चालते. सुरुवातीचे तीन आकडे सारखे असूनही तो चौथ्याला फसला नाही, कारण त्याने विरहांकाच्या परंपरेतून बेरजेची सवय उचलली नव्हती. 'शेवटी काय आहे ते पाहा' ही दृष्टी उचलली होती. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने 'गणितकौमुदी'त ही दृष्टी आणखी व्यापक केली. दरवर्षी एक वासरू देणारी गाय आणि चौथ्या वर्षापासून व्यायला लागणारी तिची वासरे घेऊन वीस वर्षांनी २७४५ गुरे मोजणारे त्याचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे येथल्याइतके रेंगाळण्याचे कारण नाही. तत्त्व तेच आहे.

आता साहित्यविचाराकडे वळू. नॉर्थ्रप फ्राय यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात, समीक्षेला शास्त्र व्हायचे असेल तर तिने साहित्याच्या संपूर्ण क्षेत्राच्या विगामी पाहणीतून आपल्या संकल्पना घडवाव्यात, अशी भूमिका मांडली. १९७० मध्ये त्स्व्हेतान तोदोरोव यांनी अद्भुत साहित्यप्रकारावरील पुस्तकाच्या आरंभीच फ्राय यांचा प्रतिवाद केला. एखाद्या प्रकाराविषयी बोलण्यासाठी त्या प्रकारातील प्रत्येक कृती वाचावी लागत नाही. कितीही पांढरे हंस पाहिले तरी सारे हंस पांढरे असे म्हणता येत नाही, हे पॉपर यांचे म्हणणे ते येथे आठवतात. आणि ते दोन प्रकार वेगळे करतात : इतिहासात प्रत्यक्ष आढळणारे साहित्यप्रकार आणि सिद्धान्तातून निष्पन्न होणारे साहित्यप्रकार. पिंगलाच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला हा भेद नवा वाटू नये. 'वृत्तरत्नाकरा'च्या आधीच्या अध्यायांत लक्षणांसह दिलेली वृत्ते ही इतिहासातली; अखेरच्या अध्यायातील प्रस्तार हा शक्यतांचा. सहा अक्षरांच्या गायत्री चरणाची पिंगलाच्या रीतीने चौसष्ट रूपे होतात. त्यांपैकी कवींनी किती वापरली याच्याशी त्या संख्येचा संबंध नाही. एकाही कवीने न वापरलेले रूपही त्या यादीत आपल्या क्रमांकाने उभे असते, आणि 'नष्ट' या प्रत्ययाने तो क्रमांक देऊन ते रूप हुडकून काढता येते.

मराठी समीक्षेत विगमनाचा वापर फार होतो आणि त्याची चिकित्सा त्या मानाने कमी होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. एखाद्या दशकातील पाच-सहा कादंबऱ्या घेऊन कादंबरी या प्रकाराचा नियम सांगितला जातो. त्या पाच-सहा कादंबऱ्या एकाच शहरातून, एकाच वर्गातून आणि एकाच प्रकाशनव्यवहारातून आलेल्या असतात, ही उपाधी मात्र ध्यानात येत नाही. कृष्ण दैवज्ञाच्या भाषेत आपण २-२ आणि ३-३ घेऊन बसलेलो असतो. यावर आणखी उदाहरणे जमवणे हा उपाय नेहमीच चालत नाही. २ आणि ३ घेऊन पाहणे, म्हणजे जेथे नियम मोडण्याचा संभव आहे तेथे मुद्दाम जाणे, हा उपाय चालतो.

गणित आणि काव्य एकमेकांना किती जवळून स्पर्श करतात याचे एक घरगुती उदाहरण देतो. विरहांकाच्या मालिकेत एक मजेदार क्रम दिसतो. एकाचा वर्ग अधिक दोनाचा वर्ग म्हणजे पाच; दोनाचा अधिक तीनाचा म्हणजे तेरा; तीनाचा अधिक पाचाचा, चौतीस; पाचाचा अधिक आठाचा, एकोणनव्वद. लगतच्या दोन संख्यांच्या वर्गांची बेरीज त्याच मालिकेतील आणखी पुढची संख्या देते. हा क्रम चार ठिकाणी खरा ठरला म्हणून पुढेही ठरेल असे म्हणण्याचा अधिकार, वर पाहिल्याप्रमाणे, आपल्याला नाही. पण मराठीतील पादाकुलकाची ओळ समोर ठेवली की कारण उघडे होते. ओळ सोळा मात्रांची. विरहांकाच्या नियमाने सोळा मात्रांची रूपे १५९७. आता मराठी कवी या ओळीत आठ-आठ मात्रांची दोन आवर्तने ठेवतो आणि मध्ये यती येते. आठ मात्रांची रूपे ३४. म्हणून यती सांभाळणाऱ्या ओळी ३४ गुणिले ३४ म्हणजे ११५६. उरलेल्या ओळींत काय होते? यतीच्या जागी, आठव्या आणि नवव्या मात्रेवर मिळून, एक गुरू आडवा पडतो. त्याच्या अलीकडे सात मात्रा उरतात आणि पलीकडे सात. सातांची रूपे २१. म्हणून अशा ओळी २१ गुणिले २१ म्हणजे ४४१. दोन्ही मिळून १५९७. ओळ कोणत्याही सम मात्रांची घ्या : मध्यावर अक्षराची सीमा आहे किंवा गुरू आडवा आहे, तिसरे काही संभवत नाही. दोन वर्ग येतात ते या दोन शक्यतांमुळे. संख्यांच्या एका क्रमाची संपूर्ण उपपत्ती यतीच्या कल्पनेत सापडते.

परंतु या ११५६ रूपांपैकी मराठी कवितेने कोणती वापरली, कोणती टाळली, आणि टाळली ती भाषेच्या शब्दघडणीमुळे की कानाच्या सवयीमुळे, हे कोणतेही सूत्र सांगत नाही. उदाहरणार्थ, आठ मात्रांच्या आवर्तनातही चार-चारची सीमा आहे. ती पाळणारी रूपे पंचवीस, मोडणारी नऊ. ती नऊ रूपे केशवसुतांकडे किती वेळा येतात, बालकवींकडे किती, आणि बोरकरांकडे किती, हे त्यांच्या ओळी एकेक करून वाचल्यानेच कळेल. तेथे विगमनाला पर्याय नाही, आणि कोणते संग्रह घेतले, कोणते सोडले, हे आधी लिहून ठेवावे लागेल. विरहांकाचा प्राकृत ग्रंथ गोपालाच्या टीकेसह १९६२ मध्ये जोधपूरहून प्रसिद्ध झाला, हेमचंद्राचे 'छंदोनुशासन' १९६१ मध्ये मुंबईहून. दोन्हींचे संपादन ह. दा. वेलणकर या विल्सन महाविद्यालयात अध्यापन केलेल्या मराठी पंडिताने केले. ही मोजणी ज्याला हाती घ्यावयाची आहे त्याला प्रस्ताराचे कोष्टक तेथे तयार मिळते.